सुरांचं संयुक्त खातं

बँकेत असताना संयुक्त खात्यांशी माझा रोजचा संबंध. 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल ती व्यक्ती' अशी खूण फॉर्मवर केली, की आमचं काम झालं. आत पैसे कोणाचे किती, हे बँक विचारत नाही. ते ज्याचं त्यानं बघावं!

परवा नातीबरोबर 'हिमगौरी आणि सात बुटके' बघताना ते खातं पुन्हा आठवलं. वॉल्ट डिस्नेचा हा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट, १९३७ सालचा. बुटके गात गात घरी निघाले आणि नातीनं विचारलं, "आजोबा, हे गाणं कोणी केलं?"

प्रश्न सोपा, उत्तर मात्र तिघांचं. फ्रँक चर्चिल, ली हार्लाइन आणि पॉल स्मिथ. गाण्यांच्या चाली चर्चिलच्या, शब्द लॅरी मोरे यांचे. गाण्यांच्या अधेमधे जे अखंड वाजत राहतं, ते पार्श्वसंगीत तिघांचं.

एकाला का नाही झेपलं? कार्टूनपटाचा हिशेब आमच्या लेजरपेक्षा कडक असतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. दर बारा चित्रांना एक ठोका धरला, तर मिनिटाला १२० ठोके. बुटक्याचं पाऊल नेमकं त्या ठोक्यावर पडायला हवं. आपल्याकडे गवयी समेवर येतो, तिथं चित्रालाही यावं लागतं. असं जवळजवळ दीड तास सांभाळायचं. त्यात एकाची चाल दुसऱ्यानं उचलून पार्श्वसंगीतात गुंफायची आणि शिवण कुठं दिसू द्यायची नाही.

शिवण दिसली नाही, की शिंप्यांचीही आठवण राहत नाही. त्या वेळी ऑस्करच्या संगीत पुरस्कारासाठी नाव पुढं होई ते स्टुडिओच्या संगीत विभागाच्या प्रमुखाचं. म्हणून हिमगौरीचं नामांकन डिस्नेच्या संगीत विभागाला मिळालं, प्रमुख म्हणून हार्लाइनच्या नावानं. पोरंटोरं शीळ घालत होती ती चर्चिलच्या चालीवर! पुढं हे बदललं. 'पिनोकिओ'चं ऑस्कर हार्लाइन, स्मिथ आणि गीतकार नेड वॉशिंग्टन या तिघांना मिळालं. १९४१ च्या 'डम्बो'चं चर्चिल आणि ऑलिव्हर वॉलेस या दोघांना.

मग 'बॅम्बी' आला. हरणाच्या पाडसाची ही गोष्ट. संवाद थोडे, म्हणून बोलायचं काम बरंचसं संगीताकडे. पावसाचे थेंब टपटपू लागतात आणि बघता बघता त्यांचं गाणं होतं, ते ऐकावंच. संगीत चर्चिल आणि एडवर्ड प्लंब यांचं. १९४२ च्या मे महिन्यात चर्चिल गेले, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. चित्रपट लागला ऑगस्टमध्ये. त्यांनी तो लोकांबरोबर पाहिलाच नाही. पुढं ऑस्करचं नामांकन झालं, तेव्हा प्लंबच्या जोडीनं चर्चिलचंही नाव होतं.

इथं मला आमच्या शाखेतल्या एक बाई आठवतात. यजमान गेल्यावर दाखला घेऊन आल्या होत्या. मी पुस्तकावरच्या त्यांच्या नावावर लाल रेघ मारायला लागलो, तर म्हणाल्या, "साहेब, पैसे मला मिळणार ना? मग त्यांचं नाव राहू दे की. साठवलेत त्यांनीच."

नियमात बसत नव्हतं. मी रेघ मारली.

आपल्याकडे शंकर यांनी ती मारली नाही. १९७१ साली जयकिशन गेले, त्यानंतरही संगीत 'शंकर-जयकिशन' याच नावानं येत राहिलं. कोणती चाल कोणाची, याचा हिशेब रसिक आजही घालत बसतात. बसू देत बापडे. नावं दोन्ही राहिली, हे महत्त्वाचं.

नातीला मी तिन्ही नावं पाठ करायला लावली. 'हार्लाइन' म्हणताना तिची जीभ अडखळते. पण 'गाणं कोणी केलं?' असं कोणी विचारलं, तर ती आता तीन बोटं वर करते.