दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय

काकांच्या खोलीत अजून जुन्या चोकची ट्यूबलाइट आहे. बाकी घरात एलईडी आले, पण ही नळी मी बदलू दिली नाही. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायचा एक कागदी गोल माझ्याकडे आहे. त्याच्या कडेने १८० काळ्या रेघा आखलेल्या आहेत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणून अशी नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण त्या उजेडात फिरणाऱ्या रेघांवर ते उमटतं. प्लेअर मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे घेत असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर तो पळतो आहे, मागे सरकल्या तर रेंगाळतो आहे. रोज संध्याकाळी आधी रेघा उभ्या करायच्या आणि मगच सुई टेकवायची, हा दोन वर्षं माझा नेम होता. कॅसेटच्या यंत्राला असा कागद लावता येत नाही. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

काका वनखात्यात होते. आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा आणि शेवटी चंद्रपूर, अशा त्यांच्या बदल्या झाल्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी हा सगळा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. बदलीच्या ट्रकमध्ये सर्वांत आधी रेकॉर्डच्या पेट्या चढत आणि सर्वांत शेवटी उतरत. काका गेले आणि त्या पेट्या, कॅसेटच्या खोक्यांसकट, जटपुरा गेटच्या आतल्या आमच्या घरात राहिल्या. काकू म्हणाली, "फेकू नको बाबू. पण न ऐकता नुसतं ठेवून तरी का करशील?"

मोजदाद केली. ४१० कॅसेट, १३८ एलपी, ३२ ईपी आणि ६० जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. एकूण ६४० नग. एका कॅसेटला एक तास, एलपीला चाळीस मिनिटं असं धरलं तर सव्वापाचशे तासांच्या आसपास ऐकणं होतं. रोज दीड तास दिला तर साडेअकरा महिने लागणार होते. प्रत्यक्षात दोन वर्षं लागली.

कोणत्या ठेवायच्या, कोणत्यांची डिजिटल प्रत करायची, हे ठरवायला काहीतरी माप हवं होतं. म्हणून मी लांब रजिस्टर आणलं आणि दहापैकी गुण द्यायचं ठरवलं. पहिल्या वीस नगांतच अडचण कळली. सुंदर गाणं खरखरीत तबकडीवर असलं की मी सहा देत होतो आणि बेताचं गाणं कोऱ्या तबकडीवर असलं तरी सहाच. दोन्ही सहांचा अर्थ वेगळा होता. रेकॉर्डची देवघेव करणारे जगभर तबकडीच्या अवस्थेला श्रेणी देतात, पण ती श्रेणी वस्तूची असते, गाण्याची नसते. मग मी रकाने वाढवले: क्रमांक, तारीख, कोणत्या यंत्रावर, बाजू अ, बाजू ब, अवस्था, गाणं, आणि शेवटचा 'पुन्हा'. हे परत कधी मुद्दाम काढून ऐकेन का, एवढंच या शेवटच्या रकान्यात विचारायचं. उत्तर हो किंवा नाही. एक नियमही केला: दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय गुण लिहायचा नाही.

काम सोपं नव्हतं. चंद्रपूरची धूळ काळी असते. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र यांच्या गावात खिडकी तासभर उघडी राहिली की तबकडीवर बोटाने रेघ ओढता येते. ही धूळ खाचेत बसली की सुई तिला आणखी खोल दाबते. म्हणून रेकॉर्ड लावण्याआधी पुसणं हे ऐकण्याइतकंच महत्त्वाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर एक उन्हाळा आडव्या पडून राहिलेल्या सात एलपी बशीसारख्या वाकल्या होत्या; सुई त्यांच्यावरून नावेसारखी हेलकावत जायची. पावसाळ्यात उलट. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि तशीच कॅसेट लावली तर ती बुरशी यंत्राच्या हेडवरून पुढच्या दहा कॅसेटना लागते.

७८ च्या तबकड्या मी थंडीसाठी राखून ठेवल्या. त्या लाखेच्या असतात. पळस, बोर, कोसंब यांच्या फांद्यांवर किडे जी लाख धरतात तीच शुद्ध करून, दगडाची भुकटी मिसळून त्या दाबल्या जात. काकांना हे माहीत होतं, कारण लाख हे त्यांच्या खात्याच्या वनोपजांतलं रोजचं नाव. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून ज्या स्पिरिटने कॅसेटचं हेड पुसतात ते या तबकडीला चुकूनही लावायचं नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व यांनी त्या तीन मिनिटांत राग कसा बसवला ते एकामागून एक ऐकताना लक्षात येतं की वेळ कमी असली की पहिला स्वरच किती तयार लागतो. फार जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगताना ऐकू येते. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत आपल्याकडचं ध्वनिमुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापलं जाई. तिथल्या माणसांना लेबल कोणाच्या नावाचं लावायचं ते कळावं म्हणून ही सोय होती. या तबकड्यांना अवस्थेत मी बहुधा तीन-चार दिले आणि 'पुन्हा'मध्ये साठांपैकी एकेचाळीसना हो लिहिलं.

एलपीने मला अल्बम ऐकायला शिकवलं. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची तबकडी. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या वेळेच्या रागांत. यातला एखादा तुकडा मी फोनवर अनेकदा ऐकला होता. सलग दोन्ही बाजू मांडी घालून ऐकल्या तेव्हा पहिल्यांदा दिवस मावळलेला कळला. 'गीतरामायणा'ची गोष्ट वेगळी. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे त्यातली ५६ गाणी आली. ऐकणाऱ्याला एका गाण्यासोबत आठवडा काढायला मिळत होता. तो संच मी एका रविवारी बसून संपवायला निघालो आणि चौथ्या तबकडीला कान थकले. नोंद खोडली. मग रोज एकच गाणं, त्याहून जास्त नाही. छप्पन्न दिवसांनी गुण लिहिला तेव्हा तो आधीपेक्षा दोनने जास्त होता.

दुसरी बाजू फार वेळा निकाल बदलते. ओळखीची गाणी बहुधा बाजू अ वर असतात आणि तिच्यावरच माणूस मत करतो. माझ्या रजिस्टरात नव्वदाहून अधिक नग असे आहेत की बाजू ब ने गुण वर नेला. तिथे संगीतकाराने कमी वाद्यांत काम केलेलं असतं, गायकाने घाई केलेली नसते.

कॅसेटची खोकी म्हणजे आमच्या भागाचं वर्षच. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेतून आणलेली देवीची गाणी. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या मेळ्यातून आणलेली भीमगीतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरनंतर इथे चंद्रपुरात दीक्षा दिली, आणि त्या दिवसांत कॅसेटच्या दुकानांवर एकाच वेळी दहा आवाज चालू असत. तुकडोजी महाराजांची भजनं गाणारी खेड्यांतली मंडळं, ज्यांच्या फितीवर खंजिरी इतकी पुढे आहे की शब्द तिच्या मागून येतात. चिमूरच्या माणसाला त्यात काही उणं वाटत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे लोक उठले, त्यामागे याच खंजिरीची हाक होती असं तिथले म्हातारे सांगत आले आहेत.

आणि झाडीपट्टीची नाटकं. धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, कुरखेडा या पट्ट्यात गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या रात्री नाटक होतं, पहाटेपर्यंत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी हे नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झळकलं. आमच्याकडे ते नेहमीचंच होतं. काका चपटा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसत. अशा ३८ कॅसेट निघाल्या. जनरेटरची घरघर, लहान पोराचं रडणं, मध्येच कोणीतरी मागे "बस ना बे खाली" म्हणतो, आणि त्यावर चढून ऑर्गनच्या साथीने गाणारी नटी. तिच्या पुढे मायक्रोफोन होता, पण तिचा श्वास चाळीसाव्या रांगेच्या हिशेबाने भरलेला आहे. अवस्था दोन. गाणं आठ. हे दोन आकडे शेजारी लिहिता आले तेव्हा रकाने वाढवल्याचं समाधान वाटलं.

क्रमांक ३७७ ही काकांनी भामरागडच्या बाजूला भरलेली कॅसेट. रेला गाणी गाणारे माडिया आदिवासी तरुण-तरुणी. एक रांग म्हणते, दुसरी तेच उचलते. मी ती जूनच्या पहिल्या आठवड्यात ऐकली आणि लिहिलं: "संथ. उदास. एकसुरी. ४." भाषा मला येत नव्हती आणि तरी मी आकडा लिहिला.

महिन्याभराने आमच्याकडे एक मॅडम आल्या. माडिया घरातल्या, आश्रमशाळेत शिक्षिका. काकू म्हणाली, त्यांना ती कॅसेट ऐकव. पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्यांनी हात वर केला. "भाऊ, हे चुकीचं वाजून राहिलं. असं हळू कोणी म्हणत नाही. पाय पडणार कसे?" त्यांनी उभं राहून दोन पावलं टाकून दाखवली. गाण्याची लय त्या पावलांच्या मागे पडत होती.

काकांच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले असतील, असं आधी मनात आलं. पण तसं असतं तर उलट झालं असतं: भरताना फीत हळू फिरली की ऐकताना गाणं पळतं. दोष ऐकवणाऱ्या यंत्राचा होता. भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' माझ्याकडे एलपीवरही आहे आणि कॅसेटवरही. रेघा उभ्या करून एलपी लावली आणि बाजाच्या पेटीवर पट्टी धरली. मग कॅसेट लावली. पट्टी अर्ध्या स्वराने उतरली. घड्याळ लावून मोजलं तर एलपीवरचं सहा मिनिटांचं गाणं कॅसेटवर एकवीस सेकंदं लांबलं होतं. यंत्राचा रबरी पट्टा उन्हाळ्यात ढिला पडला होता. गती पाच-सहा टक्क्यांनी घटली की गाणं ओळखू येतं, सूरही आपसांत जुळलेले राहतात, फक्त त्यातला जीव कमी होतो. मी तो कमी झालेला जीव गाणाऱ्यांच्या नावावर मांडत होतो.

गोल बाजारात नवा पट्टा मिळाला. होळीच्या सफाईनंतर मी अशीच वेळ मोजून टिपून ठेवली होती आणि तेव्हा ती जुळली होती, म्हणजे बिघाड त्यानंतरचा. तारखेचा आणि यंत्राचा रकाना होता म्हणून यादी काढता आली: ७३ कॅसेट. सगळ्यांच्या गुणांवर रेघ मारली आणि त्या पहिल्यापासून ऐकल्या. काही पूर्वी होत्या तिथेच राहिल्या. एकोणतीस वर गेल्या, त्यातल्या अकरा 'पुन्हा'मध्ये. एका भजनी मंडळाला मी "झोपाळू" लिहिलं होतं. ते मंडळ दुडक्या चालीने, हसत गात होतं. त्या माणसांची मनातल्या मनात माफी मागितली. त्यांतले कोणी आज हयात आहेत की नाही मला माहीत नाही, आणि त्यांच्या गावाबाहेर त्यांना ऐकणारा त्या आठवड्यात बहुधा मी एकटाच होतो. म्हणूनच तो आकडा बरोबर असायला हवा होता.

आपल्याकडे संग्रह सांभाळणाऱ्यांची परंपरा आहे. मुंबईत १९९० साली भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची संस्था उभी राहिली, तिने तबकड्यांचे क्रमांक आणि तारखा जुळवून मोठं काम केलं. माझं रजिस्टर त्यापुढे घरगुती आहे. तरी दोन वर्षांत एवढं पटलं, की गुण देण्याचा खरा उपयोग ऐकणाऱ्याला बांधून ठेवण्यात आहे. शेवटी आकडा लिहायचा आहे हे ठाऊक असलं की माणूस मध्येच उठत नाही, दुसरी बाजू टाळत नाही, आणि आकडा चुकला तर का चुकला ते शोधावं लागतं.

३७७ ची प्रत मॅडम गावी घेऊन गेल्या. दिवाळीनंतर आल्या तेव्हा त्यांनी रजिस्टर मागितलं. शेऱ्याच्या जागेत, त्यांच्या ठसठशीत शाळेतल्या अक्षरात, एकेक गाणं कोणत्या प्रसंगाचं ते लिहिलं: लग्नातलं, नवं धान्य खाण्याच्या सणाचं, आणि दोन नुसतीच रात्री नाचायची. जागा पुरली नाही म्हणून एक कागद चिकटवला. चारवर मी मारलेली रेघ तशीच आहे. तिच्या शेजारी नवा आकडा लिहिलेला नाही, आणि तो रकाना मी भरणार नाही. 'पुन्हा'मध्ये मात्र हो आहे. मॅडम गेल्यावर संध्याकाळी काकूने दारातून विचारलं, "आज का ऐकून राहिला?" मी कॅसेट उलटून बाजू ब लावली.