वायर जुळली, पण आकडा जुळला का?

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण मोठे जलाशय आहेत. पुसदच्या बाजूला पैनगंगेवरचे इसापूर, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातले बेंबळा. ‘धरण इतके टक्के भरले’ असे आपण पेपरात वाचतो, तेव्हा कोणी पाणी मोजलेले नसते. पाण्याची पातळी पाहून धारणक्षमतेच्या तक्त्यातून आकडा काढलेला असतो. दर पावसाळ्यात गाळ येतो, तळ वर सरकतो आणि तक्ता हळूहळू खोटा पडतो. मग बोट घालून तळ नव्याने मोजावा लागतो. राज्यात जलाशयांतल्या गाळाचे सर्वेक्षण नाशिकची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, करत आली आहे.

अशा बोटीवर मुख्य यंत्रे दोनच. आवाज तळाशी धाडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारा इको साउंडर आणि जागा सांगणारा जीपीएस. दोन्ही समुद्रावर रुळलेली. चांगला इको साउंडर महाग असतो आणि टिकतोही वर्षानुवर्षे. जीपीएस मात्र लवकर जुना होतो. त्यामुळे एकाच बोटीवर आजोबा आणि नातू शेजारी बसलेले दिसतात.

त्यांचे संभाषण होते, याचे श्रेय १९८३ साली ठरलेल्या ‘एनएमईए ०१८३’ या मानकाला. अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संघटनेने ते तयार केले. यंत्र साध्या अक्षरांत ‘वाक्य’ बोलते. डॉलरच्या चिन्हाने सुरुवात, मध्ये स्वल्पविराम, एकूण जास्तीत जास्त ८२ अक्षरे आणि वेग सेकंदाला ४,८०० बिट. नियम एकच : एका तारेवर एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. दोघे बोलले तर नुसता गलका; म्हणून अनेकांची वाक्ये एकामागे एक लावून देणारा मल्टिप्लेक्सर मध्ये लागतो. नंतर आलेल्या ‘एनएमईए २०००’मध्ये मोटारींसाठी बनलेले कॅन तंत्र आहे. तिथे सगळी यंत्रे एकाच केबलवर पाळीपाळीने बोलतात, तेही सेकंदाला २,५०,००० बिट वेगाने. जुन्याला नव्याशी जोडायचे तर मध्ये गेटवे नावाचा दुभाष्या बसवतात.

इथपर्यंतचे काम हाताने होते. पडद्यावर आकडे धावू लागले, की काम फत्ते झाले असे वाटते. खरी फसगत त्यानंतरच असते.

यवतमाळ शहराचेच अक्षांश घ्या. जीपीएसच्या वाक्यात ते ‘२०२३.४०’ असे येतात. अर्थ : २० अंश, २३.४० मिनिटे, म्हणजेच २०.३९ अंश. एखाद्या घाईने लिहिलेल्या प्रोग्रॅमने दशांशचिन्ह सरकवून २०.२३४० अंश असे वाचले, तर बोट नकाशावर सुमारे १७ किलोमीटर दक्षिणेला जाते. इतकी मोठी चूक निदान दिसते तरी. पण धरणाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, एव्हरेस्ट गोलाभावर, बेतलेले असतात आणि जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे वेगळे माप वापरतो. त्या दोघांत आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो, आणि तो नजरेत भरत नाही.

जुन्या जीपीएसला तारखेचाही घोळ आहे. त्याच्या आठवडे मोजण्याच्या खात्यात १,०२४ आठवडेच मावतात; मग मोजणी पुन्हा शून्यावर. ६ एप्रिल २०१९च्या मध्यरात्री (जागतिक वेळेनुसार) असे झाले, तेव्हा तजवीज नसलेली काही यंत्रे थेट ऑगस्ट १९९९मध्ये गेली. जागा बरोबर, तारीख वीस वर्षांपूर्वीची! खोली आणि जागा वेळेवरून जुळवणारे सॉफ्टवेअर अशा नोंदी पाहून हात वर करते.

एका सेकंदाचा उशीरही कमी नाही. बोट सेकंदाला दोन मीटर जात असेल आणि जागेची नोंद सेकंदभर मागे पडत असेल, तर जाताना आणि येताना तळाचा तोच उंचवटा एकमेकांपासून चार मीटर लांब दिसतो. सपाट तळावर हे खपून जाते. बुडालेल्या नदीपात्राच्या काठावर नाही.

राहता राहिला आवाज. समुद्रासाठी बनवलेले यंत्र बहुधा पाण्यातला आवाजाचा वेग सेकंदाला १,५०० मीटर धरते. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो सुमारे १,४८२ असतो, ३० अंशांना १,५०९. म्हणजे हिवाळ्यातल्या थंड पाण्यात दहा मीटर खोली बारा सेंटिमीटरने जास्त दिसते आणि मे महिन्यात तेच यंत्र उलट, थोडी कमी दाखवते. गाळ मोजायला निघालेल्यांसाठी बारा सेंटिमीटर म्हणजे थट्टा नव्हे. विस्तीर्ण जलाशयावर त्याचे लाखो घनमीटर होतात. शिवाय बरेच इको साउंडर खोली सांगतात ती आपल्या संवेदकाखालची. संवेदक पाण्यात किती बुडाला आहे, ते आपण मिळवायचे.

म्हणून मोजणीच्या दिवशी आधी लोखंडी पाटा खुणा केलेल्या दोरीने संवेदकाखाली सोडतात : दोन मीटर, पाच मीटर, दहा मीटर. दोरी आणि पडदा एकच आकडा सांगेपर्यंत वेग नि बुडीत खोलीचे आकडे दुरुस्त करतात. काम संपल्यावर पाटा पुन्हा एकदा सोडतात.