संकेतस्थळाचें बिऱ्हाड

भाड्याच्या घरांत आयुष्य काढलेल्या माणसाला बिऱ्हाड बदलण्याचा त्रास कांहीं समजावून सांगावा लागत नाहीं. गळकें छप्पर, आठवड्यांतून दोनदां कोरडा पडणारा नळ आणि तक्रार केली म्हणजे "पाहूं, उद्यां माणूस पाठवितों" असें म्हणणारा घरमालक, एवढ्या सामग्रीवर मध्यम स्थितींतील मनुष्य दहा-दहा वर्षें काढतो; कारण सामान हलविण्याची धास्ती त्याला गळक्या छपराहून मोठी वाटते. संस्थांचीं आणि दुकानांचीं जीं संकेतस्थळें आपण घरबसल्या पाहतों, तींहि बहुतेक भाड्याच्या जागेंत राहतात. त्या जागेला होस्टिंग म्हणतात. आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाला गेल्या वर्षीं अशी जागा सोडावी लागली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्याकडे दरवर्षीं दिवाळी अंकांची योजना असते. ठराविक वर्गणी भरली म्हणजे सभासदाला दीड-दोन महिने अंकामागून अंक वाचावयास मिळतात. वर्षाच्या ग्रंथखरेदीचा बराच भार या वर्गणीवर असतो, आणि अलीकडे तिची नोंदणी संकेतस्थळावरूनच होते. नोंदणी सुरू व्हावयाच्या दिवशींच सकाळीं संकेतस्थळ उघडेना. जागा देणाऱ्या कंपनीला आम्हीं लिहिलें. उत्तर तत्काळ आलें. त्यांत एक लांबलचक तक्रार-क्रमांक होता आणि आमच्या सहनशीलतेबद्दल आगाऊ आभार मानलेले होते. चार तासांनीं एका गृहस्थानें कळविलें कीं, आपल्या ब्राउझरची साठवण पुसून पाहा. पुसून पाहिली. दुसऱ्या दिवशीं निराळ्या गृहस्थानें तेंच सांगितलें. तीन दिवसांत पांच उत्तरें आलीं, पांच निराळ्या नांवांचीं, आणि आमचें पहिलें पत्र त्यांपैकीं एकानेंहि वाचल्याचें चिन्ह दिसेना. दाराशीं वही घेऊन बसलों आणि हातानें नोंदणी केली. परंतु कचेरींतून परत आल्यावर रात्रीं घरूनच नांव नोंदविणारे सभासद त्यांत आलेच नाहींत.

दोष शेवटीं आमच्याच एका तरुण सभासदानें शोधून काढला. जाहिरातींत जागा "अमर्याद" होती. फाइलींच्या संख्येला मात्र अडीच लाखांची मर्यादा होती, आणि ती करारपत्राच्या पोटांत कोठेंतरी दडलेली होती. आमच्या संकेतस्थळाचा एक भाग प्रत्येक पानाची तात्पुरती प्रत करून ठेवी आणि जुन्या प्रती टाकून देत नसे. अशा बारीक फाइलींनीं कोठार भरलें व नवी नोंद लिहावयास वाव उरला नाहीं. म्हणजे मूळ चूक आमची, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु सर्व्हरची जी दैनंदिनी असते, तींत हें कारण लिहिलेलें होतें, आणि ती उघडून पाहावयास पांच मिनिटें पुरतात. तीं पांच मिनिटें तीन दिवसांत कोणालाहि सांपडलीं नाहींत, हीच आमची तक्रार.

स्वस्त जागेचें गणितच असें असतें. एकाच सर्व्हरवर शेंकडों संकेतस्थळें दाटीवाटीनें बसविलेलीं असतात, आणि तक्रारीला पहिलें उत्तर देणारा मनुष्य बहुधा तयार उत्तरांच्या यादीवरून बोलत असतो. सर्व्हरच्या आंत डोकावण्याचा अधिकारच पुष्कळदां त्याला नसतो. त्या बिचाऱ्यावर चिडण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या मागें कोणी जाणता मनुष्य आहे काय, आणि आपलें पत्र त्याच्यापर्यंत किती वेळांत पोंचतें, हें पाहावें. नवी जागा शोधतांना आम्हीं पैसे भरण्यापूर्वीं तीन कंपन्यांना रविवारच्या रात्रीं एकच पत्र पाठविलें: फाइलींची मर्यादा किती, आणि राखीव प्रत कोठें ठेवतां? एकीनें दरपत्रक पाठविलें. दुसरीनें मंगळवारीं "सर्व कांहीं अमर्याद" असें कळविलें. तिसरीनें तासाभरांत आंकडा दिला आणि राखीव प्रत दुसऱ्या शहरांत असते असें सांगितलें. आम्हीं तिसरीकडे गेलों. भाडें दीडपट पडलें.

दुसऱ्या शहराचा आग्रह कशासाठीं, असें कोणी विचारील. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहाला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांची राखीव प्रतहि त्याच आवारांत होती, अशा कांहीं ग्राहकांचें मूळ आणि प्रत दोन्ही एकदम गेलें. आपली एक प्रत आपल्या स्वतःच्या कपाटांत असावी, हें कोणत्याहि कंपनीच्या आश्वासनाहून बरें.

आतां खऱ्या अडचणीकडे येतों. संकेतस्थळ ही एकच वस्तु आहे असा आमच्या मंडळाचा समज होता. वास्तविक तीं तीन असतात: नांव, जागा आणि टपाल. पूर्वीं या जाळ्यांतील यंत्रें इतकीं थोडीं होतीं कीं, सर्वांचीं नांवें व पत्ते एकाच यादींत मावत, आणि ती यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत ठेवलेली असे. यंत्रें वाढलीं, यादी पुरेना, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं नांवांची विभागलेली व्यवस्था रचली. तीच आजची डीएनएस. नांव कायम राहतें, आणि त्यापुढें लिहिलेला आंकडी पत्ता बदलला कीं वाचक नव्या जागीं पोंचतो. मात्र तो पत्ता बदलण्याचा अधिकार नांवाच्या धन्याला असतो, आणि आमच्या नांवाचा धनी म्हणून नोंद होती त्या कंपनीचीच! दहा वर्षांपूर्वीं "नांव फुकट" म्हणून आम्हीं खूष झालों होतों, त्याची ही किंमत. कार्यवाहांनीं संस्थेच्या शिक्क्याचें पत्र आणि जुन्या पावत्या पाठविल्या. अकरा दिवस व सात पत्रें खर्चीं पडल्यावर नोंद आमच्या नांवें झाली.

आपली नोंद आज कोणाच्या नांवें आहे, हें प्रत्येक संस्थेनें पाहून ठेवावें. भांडण निघाल्यावर पाहूं नये. नोंद आपली असली म्हणजे नियम आपल्या बाजूचे असतात. ऑर्ग, कॉम यांसारख्या नांवांना आयकॅन या १९९८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचे नियम लागू आहेत. त्यांप्रमाणें नांवाच्या धन्यानें मागणी केल्यावर हस्तांतराचा गुप्त संकेत पांच दिवसांत द्यावा लागतो. नवें घेतलेलें नांव मात्र पहिले साठ दिवस सहसा हलवितां येत नाहीं. आम्हीं नांव एका स्वतंत्र नोंदणीदाराकडे नेलें आणि जागा मागाहून बदलली. घरमालक आणि नांवाचा राखणदार एकच नसावा, असें माझें मत आतां पक्कें झालें आहे.

जागा बदलतांना कालाचा एक बारकावा संभाळावा लागतो. जगांतील निरनिराळे सर्व्हर आपला पत्ता एकदां विचारून कांहीं काळ लक्षांत ठेवतात. तो काळ आपणच ठरवून द्यावयाचा असतो. आमच्या नोंदींत तो ८६४०० सेकंद, म्हणजे पुरा एक दिवस होता. दोन दिवस आधीं तो ३०० सेकंदांवर आणला, त्यामुळें पत्ता बदलल्यावर पांच-दहा मिनिटांत बहुतेक वाचक नव्या जागीं येऊं लागले. तरीहि जुनी जागा लगेच सोडूं नये. आठवण उशिरां टाकणारे सर्व्हर असतातच.

पत्ता बदलण्यापूर्वीं नव्या जागीं सर्व नीट लागलें आहे काय, हें पाहून घेतलें, तें फार बरें झालें. पंचवीस हजार पुस्तकांच्या सूचींत मराठी अक्षरांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उमटलीं होतीं! कारण असें कीं, युटीएफ-८ या लेखनपद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. आणि आमचें जुनें कोठार मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीवर, केवळ पश्चिम युरोपच्या लिप्यांसाठीं असलेल्या लॅटिन-१ पद्धतीवर बेतलेलें होतें. २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत तेथें ठरीव पद्धति तीच असे. उतरवून घेतांना पद्धति चुकली म्हणजे मराठी बिघडतें. टोप्या-टिंबें चढविलेलीं रोमन अक्षरें दिसलीं तर मूळ मजकूर बहुधा परत मिळवितां येतो. प्रश्नचिन्हें झालीं तर त्या प्रतींतून कांहींच मिळत नाहीं. सुदैवानें मूळ कोठार जुन्या जागीं शाबूत होतें. नव्या कंपनीच्या बाईंनीं स्वतः येणाऱ्या चुकीचा उतारा मागवून घेतला आणि कोणत्या पद्धतीनें पुन्हां उतरवावें तें लिहून पाठविलें. "ज्ञानेश्वरी" हें नांव सूचींत पुन्हां नीट दिसलें, तेव्हां आमचे ग्रंथपाल खुर्चीवरून उठून उभे राहिले.

टपालाचें तेवढें सांगावयाचें राहिलें. ई-मेल कोठें पोंचवावी, याची नोंद संकेतस्थळाच्या पत्त्याहून निराळी असते, आणि जुनीं पत्रें आपोआप नव्या जागीं येत नाहींत. तीं उतरवून न्यावीं लागतात. तेंहि आम्हीं केलें, तरी जुनी पेटी महिनाभर चालू ठेवली. नवव्या दिवशीं तींत तीन पत्रें सांपडलीं. दोन जाहिराती होत्या. तिसरें पत्र दिवाळी अंकांची नोंदणी फसल्यामुळें रागावलेल्या एका वृद्ध सभासदांचें होतें. वर्गणी घरीं येऊन घेऊन जा, असें त्यांनीं लिहिलें होतें. कार्यवाह त्याच सायंकाळीं त्यांच्याकडे जाऊन आले. महिना भरल्यावर जुन्या कंपनीचें खातें बंद केलें, आणि बँकेंतून दरवर्षीं परस्पर जाणारें तिचें भाडेंहि थांबविलें.