गो. पु. देशपांडे : रहिमतपूरचा प्राध्यापक आणि एक चौकशी समिती

इराणचे सादेक झिबाकलाम माहितीयत? तेहरान विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे आणि सरकारला थेट सुनवायचे. 2016 मध्ये मशहदच्या एका विद्यापीठात जमिनीवर अमेरिका-इस्रायलचे झेंडे रंगवले होते. ते तुडवायचे नाहीत म्हणून हे कडेकडेने गेले. व्हिडिओ जाम फिरला. 2024 मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं.

प्राध्यापकाच्या राजकीय मतांचा हिशोब नेमका कोण मागतो? मराठीत हा प्रश्न 1974 मध्येच रंगमंचावर आला होता. आणि तो आणणारा माणूस आपल्या भागातला.

कराडहून रेल्वेने साताऱ्याकडे निघालात की कोरेगावच्या आधी रहिमतपूर लागतं. गोविंद पुरुषोत्तम देशपांडे, म्हणजे गोपु, तिथे वाढले. जन्म नाशिकचा, 1938 चा. पुढे दिल्लीत जेएनयूमध्ये ते चीनचा अभ्यास शिकवायचे आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सदर लिहायचे. मार्क्सवादी होते आणि ते लपवत नसत. (अभिनेत्री ज्योती सुभाष ही त्यांची बहीण.)

आता नाटक. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी हा डाव्या विचारांचा प्राध्यापक. विद्यापीठाची समिती त्याची चौकशी करतेय. चोरी नाही, मारामारी नाही. विचार कुठले, संबंध कोणाशी, घरचे काय करतात, असले प्रश्न. विचारणारेही सहकारीच, सुशिक्षित, सभ्य. मला यातलं भयानक हेच वाटतं: सगळं कसं नियमात बसवून चाललंय. अधूनमधून त्याचं घर, त्याची जवळची माणसं समोर येतात आणि कळतं, राजकारणाची किंमत घरातही मोजलीय. गोपु त्याला हिरो करून सोडत नाहीत. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली, तेही जन्माने सातारचेच.

गोपुंचा दुसरा मोठा विषय म्हणजे महात्मा फुले. फुल्यांना नुसतं 'समाजसुधारक' म्हणून मोकळं होणं त्यांना पटत नसे. अख्ख्या समाजव्यवस्थेचा सिद्धांत मांडणारा विचारवंत म्हणून त्यांना वाचा, असं ते म्हणत. फुल्यांच्या निवडक लेखनाचं इंग्रजी संपादनही त्यांनी केलं. त्यांचं 'सत्यशोधक' नाटक पुढे अतुल पेठेंनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. झाडू हातात धरणारी माणसं फुल्यांच्या नाटकात रंगमंचावर होती.

ऑक्टोबर 2013 मध्ये गोपु पुण्यात गेले. सुरुवात करायची असेल तर 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च घ्या. बहुतेक सगळी प्रश्नोत्तरंच आहेत, मोठ्याने वाचायला मजा येते. शक्यतो दोघं-तिघं बसून वाचा.