खाडीच्या वाट्याला आलेला पैसा

आमच्या पिंपळगाव राजाकडे, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, अख्ख्या पावसाळ्यातही सहसा पडत नाही इतका पाऊस २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत पडला. ९४४ मिलिमीटर. त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. मुंबईतल्या बहुतेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. त्या पावसात राज्यभर हजाराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर दोन दशकांत मुंबईला पुरापासून वाचवण्यासाठी पुष्कळ पैसा आला. तो कुठून आला आणि कशावर लागला, हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपणही पाहायला हवं. कारण त्यात आपल्या दुष्काळाचाही एक धागा आहे, त्याकडे पुढे येतो.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीने तिला काटकोनात वळायला लावलं. तिच्या मुखाजवळची दलदल, जिथे भरतीचं पाणी पसरून विसावायचं, तिथे १९७० च्या दशकाअखेरपासून भराव पडला आणि वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. पुराचं पाणी साठवायची जागाच शहराने विकली होती. पुरानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. मिठीसाठी विकास आणि संरक्षण प्राधिकरणही स्थापन झालं.

पैसा मात्र आधीच आखलेल्या रस्त्याने गेला. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने ब्रिमस्टोवॅड नावाचा आराखडा करवून घेतला होता. १९९३ पासून तो कागदावरच होता. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारे ब्रिटिशकालीन नाले ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायचे, असा त्याचा गाभा. २००५ नंतर त्याला जाग आली आणि २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथे पंप बसवलेली उदंचन केंद्रं उभी राहिली. मिठीच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या संरक्षक भिंती आल्या, पात्र रुंद आणि खोल झालं. दर उन्हाळ्यात गाळ उपसण्याचं कंत्राट निघू लागलं. एकट्या मिठीवर हजार कोटींहून अधिक खर्च झाला. गाळाच्या कंत्राटांतील कथित गैरव्यवहाराबद्दल मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हाही नोंदवला.

पंप नकोत असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. भरतीच्या वेळी सखल वस्तीतलं पाणी बाहेर फेकायला तेच लागतात. पण पंपाला निविदा असते, मोजमाप पुस्तक असतं, उद्घाटन असतं. खाडीकाठी उभ्या खारफुटीला यातलं काहीच नसतं. ओहोटीच्या वेळी खाडीत उभं राहिलं की तिवर या खारफुटी झाडाची श्वासमुळं चिखलातून हजारोंनी वर आलेली दिसतात, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत असतात. हीच मुळं लाटेचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, भरतीच्या पाण्याला पसरायला जागा देतात. या कामाचं बिल कधी कुणाकडे गेलं नाही आणि म्हणून त्याची तरतूदही झाली नाही.

मुंबईची खारफुटी वाचली ती तिजोरीमुळे नव्हे, न्यायालयामुळे. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी, म्हणजे पुरानंतर अडीच महिन्यांच्या आत, राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असं न्यायालयाने ठरवलं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याची खारफुटी २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होती, २०१७ मध्ये ३०४, २०२१ मध्ये ३२४. यातली काही वाढ उपग्रहाच्या सुधारलेल्या नजरेची आहे, हे मान्य करूनही संरक्षणाचा गुण नाकारता येत नाही. या दोन दशकांतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं पूरनियंत्रण मला हेच वाटतं.

मग या झाडांसाठी पैसा कुठून येत राहिला? बराचसा भरपाईतून. एखादा रस्ता, पूल, रेल्वे खारफुटीतून जायची असेल तर प्रकल्पवाल्याला वनसंवर्धन कायद्यानुसार भरपाईच्या वनीकरणाचे पैसे भरावे लागतात. २०१६ च्या कॅम्पा कायद्याने त्या निधीला चौकट दिली. मला यात खोल अडचण दिसते. झाडं तुटली तर झाडांसाठी पैसा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार खारफुटी झाडं तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हाही भरपाईचा हिशेब झाला. पण भरपाईचं रोप जिथे लागतं तिथला पूर थांबतो, जिथून झाड गेलं तिथला नव्हे. उभ्या झाडाच्या रखवालीसाठी कायमचा, स्वतःचा पैसा यात कुठेच नाही.

बाहेरूनही पैसा आला. २०१८ मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाने आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं, बाकीचा मोठा वाटा राज्यांनी उचलायचा होता. आपल्याकडे सिंधुदुर्गात खारफुटीची लागवड आणि तिच्या जोडीने खेकडापालन, कालवपालन अशी कामं त्याने पुढे नेली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटाच्या बाया होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. जिथे झाड उभं असल्याने घर चालतं, तिथे झाडाला राखणदार शोधावा लागत नाही. शहरातल्या खाडीला हे जमलेलं नाही. तिथल्या कोळ्यांची मासळी सांडपाण्याने आणि प्लास्टिकने आधीच नेली आहे. पैसा मात्र शहरालाही आला. २०२३ मध्ये केंद्राने शहरी पूरनियंत्रणासाठी सात महानगरांना २,५०० कोटी ठेवले, त्यात मुंबईचे ५००. महापालिकेने जून २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला, १० हजार कोटींहून मोठा. आकडे मोठे आहेत, पण खाडीच्या रखवालीसाठी वेगळी, दरवर्षीची ओळ मला हवी आहे.

आता तो दुष्काळाचा धागा. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खारफुटीसाठी मिष्टी योजना जाहीर झाली. तिचा पैसा कॅम्पा आणि रोजगार हमी यांच्या मेळातून उभा करायचं ठरलं. रोजगार हमी मूळची महाराष्ट्राची, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली. घाटाखालच्या कितीतरी शिवारांत पाझर तलाव आणि नालाबांध तिच्याच मजुरीतून झाले. त्यासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० हे मुळात विदर्भ-मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या हातांसाठी होते. जितका कर जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्या बाजूने घालायची, हेही कायद्यातच होतं. शहराने गावाचा दुष्काळ आपला मानला आणि पगाराच्या चिठ्ठीत त्याला कायमची जागा दिली. घाटाखालच्या माणसाने हे विसरू नये.

अशीच जागा खाडीलाही देता येते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराने दाखवून दिलं आहे. जून २०१६ मध्ये तिथल्या नऊ परगण्यांतल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे वर्षाला १२ डॉलर, २० वर्षं. त्यातून सुमारे ५० कोटी डॉलर उभे राहतील आणि ते मुख्यतः पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्यावर खर्च होतील. हा पैसा कुणाच्या तोडीवर अवलंबून नाही, आणि निवडणूक बदलली तरी आटत नाही.

मुंबईला तर नवा कर लावायचीही गरज नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) हजारो कोटी मिळवले आहेत, आणि ते भूखंड मिठीच्या दलदलीवर आहेत. त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरवर्षी माहीमच्या खाडीसाठी बाजूला काढायला हवा. तो नुसती रोपं लावून फोटो काढायला नको. लागवडीनंतर चौथ्या-पाचव्या वर्षी बुजलेले चर पुन्हा मोकळे करायला, रात्री डेब्रिज टाकायला येणारे ट्रक अडवायला आणि वनरक्षकाच्या बोटीत डिझेल भरायला तो हवा.