कंपनी शिकवतेय... पण वेळ कोण देणार, बॉस?

मार्च उजाडला की आमच्या फ्लोअरवर दोनच विषय असतात. टॅक्स आणि 'लर्निंग अवर्स'! वर्षाला ४० तास शिकलंच पाहिजे, असा आमच्या कंपनीचा फतवा. अकरा महिने कुणालाच त्याची आठवण नसते. मग शेवटच्या आठवड्यात एका विंडोत व्हिडिओ म्यूटवर धावतोय, दुसऱ्या विंडोत क्लायंटचं काम चाललंय आणि क्विझची उत्तरं शेजारच्या क्युबिकलमधून येतायत, असा सीन. ३१ तारखेला सगळ्यांच्या नावापुढे हिरवी टिक! एचआर खूश, मॅनेजर खूश. शिकलं कोण, हा प्रश्न अप्रेझलच्या फॉर्ममध्ये नसतोच.

गंमत म्हणजे मोठ्या कंपन्या शिकवण्यावर पैसे खर्च करत नाहीत, असं अजिबात नाही. आपल्या पुण्यातच मंगळदास रोडवर टाटांचं मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर आहे, ते १९६६ पासूनचं. म्हणजे हिंजवडीत शेतं होती तेव्हापासूनचं. विप्रोने १९९५ मध्ये बीएस्सी झालेल्या मुलांना कामावर घेऊन स्टायपेंडही द्यायचा आणि वर मास्टर्सही करवायचं, अशी स्कीम काढली. आणि इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसला ट्रेनिंग करून आलेला एक तरी मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतोच. तो कोडिंगपेक्षा तिथल्या फूड कोर्टबद्दल जास्त बोलतो, हा भाग वेगळा.

पण नीट पाहा. यातलं बरंचसं एक तर फ्रेशर्ससाठी, नाहीतर वर चढलेल्या मॅनेजर मंडळींसाठी. मधल्यांचं काय? पाच-सात वर्षं एकाच टेक्नॉलॉजीत घासलेल्या, होमलोनचे हप्ते सुरू झालेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं?

अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीपुढे हाच प्रश्न फार मोठ्या आकारात उभा राहिला. तिच्या अडीच लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी जवळपास एक लाख लोक अशा कामांवर होते, जी दहा वर्षांत उरणारच नव्हती. तारा आणि खांबांचा जमाना संपून सगळं सॉफ्टवेअरवर चाललं होतं. कंपनीने २०१३ मध्ये लोकांना नव्याने शिकवायचं ठरवलं आणि त्यावर तब्बल एक अब्ज डॉलर लावले. जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या ऑनलाइन मास्टर्सलाही हातभार लावला, तो कोर्स २०१४ मध्ये सुरू झाला. सॉलिड ना? आता पुढचं ऐका. २०१६ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रँडल स्टीफन्सन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सरळ सांगितलं, की जे आठवड्याला ५ ते १० तास ऑनलाइन शिकणार नाहीत, ते कालबाह्य होतील. आणि हे तास? बहुतेक घरचे! पैसे कंपनीचे, रात्र तुमची.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आयटी सर्व्हिसेसमध्ये मॅनेजरला सतत विचारला जाणारा आकडा म्हणजे युटिलायझेशन. टीमचे किती तास क्लायंटला बिल झाले? तुम्ही गुरुवारी दुपारी कोर्सला बसलात, तर ते तास बिल कुणाला करायचे? मॅनेजर काही निरुपा रॉयच्या सिनेमातला खलनायक नसतो, त्याच्या मानेवर तो आकडा असतो. उलट बेंचवर असलात की वेळच वेळ. पण तेव्हा पोटात गोळा असतो. प्रोजेक्ट मिळेल की गच्छंती होईल, या टेन्शनमध्ये कोण मन लावून शिकणार? म्हणजे मन असतं तेव्हा वेळ नाही, आणि वेळ असतो तेव्हा मन नाही.

माझी एक मैत्रीण सात वर्षं टेस्टिंगमध्ये होती. तिला डेटा इंजिनिअरिंगकडे जायचं होतं. दोन वर्षं रात्री जागून कोर्सेस केले, सर्टिफिकेटं जमवली. इंटर्नल जॉब पोस्टिंगला अर्ज टाकला की उत्तर ठरलेलं, 'हँड्स-ऑन एक्स्पीरियन्स नाही.' शेवटी ती मॅनेजरकडे गेली आणि कोर्सचं नावच काढलं नाही. म्हणाली, ''सर, दर सोमवारी तीन माणसं बसून हाताने रिपोर्ट बनवतात. मी तो ऑटोमेट करते. दोन महिने गुरुवारचे चार तास द्या. क्लायंटचं काम अडलं तर थांबवू.'' सरांनाही ते तीन जण सुटायला हवेच होते! पुढच्या इंटरव्ह्यूत तिची सर्टिफिकेटं कुणी उघडूनही पाहिली नाहीत. पाऊण तास प्रश्न आले ते त्या रिपोर्टवर. डेटा कुठून आणलास, चुकला तर कळणार कसं, रन अर्ध्यात बंद पडला तर काय केलंस? सिलेक्शन झालं. त्यानंतर 'रिप्लेसमेंट मिळू दे' म्हणत त्याच सरांनी तिचं रिलीज तीन महिने लटकवलं, हेही सांगायला हवं.

एचआरवाल्यांचा '७०-२०-१०' हा फंडा तुम्ही ऐकला असेलच. माणूस ७० टक्के कामातून शिकतो, २० टक्के लोकांकडून आणि १० टक्के वर्गात. हे आकडे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅनेजर लोकांना 'तुम्ही कसे शिकलात' असं विचारून निघालेले आहेत, त्यामुळे तराजूत घालून तोलू नका. पण मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा फंडा सांगणारेच ४० तासांचं टार्गेट लावतात ते फक्त त्या १० टक्क्यांवर. ते एक्सेलमध्ये मोजता येतं ना!

आणि कंपनी मोठ्या कोर्सची फी भरणार असेल, तर बाँड आलाच. 'बाँड कोर्टात टिकत नाही' हे कॅन्टीनमधलं ज्ञान आता विसरा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती अट ट्रेनिंगची नव्हती, किमान नोकरीची होती, आणि भरती खर्चिक असलेल्या सरकारी बँकेची होती. पण नोकरीत असताना लागू होणारी अशी अट म्हणजे व्यवसाय करण्यावर बंदी नव्हे, हे कोर्टाने स्पष्ट केलं. तरी कंपनीने कागदावर कितीही मोठा आकडा टाकला, म्हणून तो जसाच्या तसा वसूल होतो असं नाही. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते.

त्यामुळे सहीच्या आधी विचारून घ्या. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? कंपनीनेच काढलं तर काय? कोर्स संपल्यावर त्या कामाचा प्रोजेक्ट मिळणार, की परत जुन्याच खुर्चीत? एचआर गोड हसून ''डोंट वरी'' म्हणेल. तुम्हीही गोड हसा, आणि तेच उत्तर मेलवर मागा.