केसाळ वेशाची घरगुती निगा

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २००६ पासून ‘अँथ्रोकॉन’ हा मेळावा भरत आला आहे. तेथे हौशी मंडळी कोल्हा, लांडगा, मांजर अशा प्राण्यांचे केसाळ वेश धारण करून वावरतात. संपूर्ण वेश शिवून घेण्यास हजारो डॉलर पडतात; म्हणूनच त्याची निगा अनेक जण स्वहस्ते, घरीच राखतात.

हे केस प्राण्याचे नसून बहुधा ॲक्रिलिक धाग्याचे असतात. कापडाच्या व्यापाऱ्यास ठाऊकच आहे की, हा धागा उष्णता सोशीत नाही. एकदा आकसलेले केस पूर्ववत होत नाहीत. म्हणून अंगावरील वेश उलटा करून थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा आणि किंचित ओलसर असतानाच केस विंचरावेत. फोमचे मुखवटेवजा मस्तक पाण्यात बुडवू नये. घाम आतून पुसून ते पूर्ण कोरडे करावे, अन्यथा बुरशी धरते.

उसवलेली शिवण मजबूत दोऱ्याने आतून सांधावी आणि टाक्यांत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर काढावेत. जोड झाकला जातो.

थंड पाणी, वारा आणि सवड एवढ्यावर हा मोलाचा वेश वर्षानुवर्षे टिकतो. घाईने फिरविलेली इस्त्री मात्र तो क्षणात बिघडविते.